कोरडी काडी

आधीच सांगून टाकते, मी भांडखोर आहे. माझा नवरा हेच सांगेल, आणि शाळेचे मुख्याध्यापक तर शपथेवर सांगतील. तेव्हा पुढचं ऐकून कुणी म्हणू नका की ही बाई फार बोलते. बोलते. न बोलून काय होतं ते पाहिलंय मी.

माझं काम हॉस्पिटलच्या लाँड्रीत. दिवसाला चारशे चादरी, शिवाय उशांचे अभ्रे, पडदे आणि डॉक्टरांचे हिरवे अंगरखे. साथीच्या वॉर्डातले कपडे लाल पिशवीत बांधून येतात. ती पिशवी उघडायची नाही, गाठीसकट मशीनच्या पोटात ढकलायची. पाणी कढत झालं की पिशवी आपोआप विरघळते आणि चादरी सुट्या होतात. म्हणजे ज्या चादरींच्या नुसत्या नावाने लोकांना घाम फुटतो, त्यांना माझं बोटसुद्धा लागत नाही. शिवाय निघताना तिथेच आंघोळ करायची आणि घरचे कपडे घालून बाहेर पडायचं. हे मी शेजारणीला सांगितलं, दुकानदाराला सांगितलं, सांगून सांगून माझा घसा बसला. लोक ऐकून घेतात, मान डोलावतात आणि दोन पावलं मागे सरकतात.

माझी मुलगी पाचवीत. अंगाने एवढीशी आणि जिभेने तिखट, म्हणून तिला सगळे मिरी म्हणतात. शाळा बंद होती ते सात महिने तिने माझ्या फोनवर शाळा केली. पण फोन एकच आणि तो माझ्याबरोबर कामावर जायचा. मी दुपारी घरी येईपर्यंत तिचे गणिताचे आणि विज्ञानाचे तास होऊन गेलेले असायचे. सहामाहीत मिरी गणितात नापास झाली. त्या दिवशी ती रडली नाही, जेवलीही नाही, आणि मी ठरवलं की शाळा एकदा उघडू दे, मग या पोरीला त्या वर्गातून कुणी उठवून दाखवावं.

शाळा उघडली ती चाचणीच्या अटीवर. दर मंगळवारी एक सिस्टर यायच्या. त्यांचं खरं नाव मुलांनी पहिल्याच आठवड्यात गिळून टाकलं आणि त्यांना नाकवाली बाई करून टाकलं. प्रत्येक मुलाला कापूस लावलेली एक काडी मिळायची. ती आपली आपण दोन्ही नाकपुड्यांत फिरवायची आणि नळीत टाकायची. पाच मुलांच्या काड्या एका नळीत. नळी निगेटिव्ह आली तर पाचही जण वर्गात. पॉझिटिव्ह आली तर पाचही जण घरी, आणि मग एकेकाची वेगळी चाचणी. बुधवारी प्रत्येकाच्या हातात शिक्का मारलेला कागद यायचा, त्यावर नळीचा नंबर आणि निकाल.

यावरून जो गदारोळ झाला तो विचारू नका. कुणी म्हणालं काडी मेंदूपर्यंत जाते. कुणी म्हणालं मुलांच्या नाकातलं बाहेर विकतात. आता आमच्या मुलांच्या नाकातलं विकत घेईल असं गिऱ्हाईक मला दाखवा, मी त्याला पोतंभर देते. खरी भीती वेगळीच होती आणि ती कुणी बोलून दाखवत नव्हतं. आपल्या घराचं नाव बाहेर येईल, ही ती भीती.

सुरुवातीला नळ्या हजेरीच्या क्रमाने होत्या. पंधरा दिवसांत पालक समितीचे अध्यक्ष मुख्याध्यापकांना भेटले. त्यांचं फरश्यांचं मोठं दुकान आहे, म्हणून सगळे त्यांना फरशीवाले म्हणतात. त्यांचं म्हणणं असं की चांगल्या घरातल्या मुलांना उगाच भलत्यांबरोबर एका नळीत कशाला घालायचं? उद्या भलत्याच्या काडीमुळे आपली पोरं घरी बसायची. मुख्याध्यापक माणूस वाईट नाही, पण पाण्यासारखा आहे, ज्या भांड्यात ओताल तसा. त्यांनी नवी यादी काढली. सातव्या नळीत माझी मिरी, अॅम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरची मुलगी, हॉस्पिटलच्या वॉचमनची जुळी मुलं आणि वॉर्ड झाडणाऱ्या मावशींचा नातू. यादी सोयीसाठी केलीय, असं सरांनी मला सांगितलं. कुणाच्या सोयीसाठी, असं मी विचारलं, तर त्यांना नेमका तेव्हाच फोन आला.

डोक्यात तिडीक गेली होती, पण मी म्हटलं ठीक आहे. तपासा. दर आठवड्याला तपासा. तुम्ही मला चार हात लांब ठेवा, कागद काय ते बोलेल.

आणि कागद बोलला. पहिल्या बुधवारी निगेटिव्ह, दुसऱ्या बुधवारी निगेटिव्ह. मी ते कागद दारासमोरच्या भिंतीवर ओळीने चिकटवायला लागले, दार उघडलं की येणाऱ्याच्या डोळ्यांत घुसतील असे. नवरा रंगारी. ती भिंत त्याने स्वतः रंगवलेली, तीन हात देऊन. डिंकाने रंग निघतो म्हणून तो रोज कुरकुर करायचा. मी म्हणायचे, अहो, या भिंतीवर माझी अब्रू टांगलीय, तुमच्या रंगाचं काय घेऊन बसलात. दहा आठवड्यांत दहा कागद झाले. शेजारीण दारातून वाचायची. कुणी आलं गेलं की मी मिरीला पुढे करायचे आणि म्हणायचे, बघा, दहा वेळा तपासली, दहा वेळा स्वच्छ. स्वच्छ, हाच शब्द वापरायचे मी. मिरी हसायची, आणि मला वाटायचं तिलाही अभिमान वाटतोय.

त्या दहा आठवड्यांत तिसरी नळी, म्हणजे फरशीवाल्यांच्या मुलीची, दोनदा पॉझिटिव्ह आली. तेव्हा ती यंत्राची चूक होती. दहा दिवस ती मुलं गावाला गेली होती म्हणे, पाचही एकदम. मग त्या नळीतही सगळं शांत झालं, आठवडेच्या आठवडे निगेटिव्ह. मला वाटलं, चला, सुधारले.

अकराव्या आठवड्यात नोटीस आली. गुरुवारी दुपारी चार वाजता शाळेच्या हॉलमध्ये पालकांची सभा. विषय दोन. एक, मुलांच्या मनावर ताण येतो म्हणून चाचणी बंद करणे. दोन, ज्या घरांत जोखमीची कामं आहेत त्या घरच्या मुलांनी साथ संपेपर्यंत घरून शिकणे. मी ती नोटीस तीनदा वाचली. चाचणी बंद, म्हणजे माझ्या पोरीच्या बाजूने बोलणारा कागद बंद. आणि मग तिला घरी बसवायला कुठल्याच पुराव्याची गरज नाही. पुन्हा तो एक फोन, पुन्हा गणित.

नवरा म्हणाला, सभेला जाऊन काय दिवे लावणार आहेस, ठरवून बसलेत ते. मी म्हटलं, भिंतीवरचे कागद काढणार, एका फाईलमध्ये लावणार आणि ती फाईल टेबलावर आपटणार. मग बघू कुणाची छाती होते.

गुरुवारी सकाळी मी रजा टाकली आणि पाण्याचा हात लावून एकेक कागद भिंतीवरून सोडवत बसले. रंग निघतच होता, नवरा तोंड फिरवून चहा पीत होता. दहा कागद फाईलमध्ये लावले. अकरावा, कालचाच, अजून मिरीच्या दप्तरात होता. तो आण म्हटलं तर मिरी उठेना. सकाळपासून तिने दुधाला तोंड लावलं नव्हतं. आवाज घोगरा येत होता, मला वाटलं झोपेचा असेल. मी स्वतःच दप्तरातून कागद काढला.

"आई, तो नको लावूस," ती म्हणाली.

मी विचारलं, का गं.

"तो खोटा आहे. मी काडी नाकात घातलीच नाही. कोरडीच टाकली नळीत."

मला आधी कळलंच नाही. मग ती हळूहळू सांगायला लागली. सोमवारपासून घसा दुखत होता. मंगळवारी रांगेत उभी असताना तिने हे घारीला सांगितलं. घारी म्हणजे फरशीवाल्यांची मुलगी, साऱ्या वर्गात मिरीशी मनापासून बोलणारी एकटीच. घारी म्हणाली, मग कोरडीच टाक ना, आमच्या नळीत सगळे तसंच करतात, बाबांनीच शिकवलंय. नाकाजवळ नुसती धरायची आणि टाकायची. नाकवाली बाई शिक्के मारत असते, तिला दिसत नाही.

माझा हात उचलला गेला. मी मिरीला कधी मारलेलं नाही, पण त्या दिवशी हात वर गेला. मी ओरडले, एवढं सगळं कशासाठी करतेय मी, आणि तू अशी लबाडी करतेस?

"तुझी भिंत बिघडली असती," ती म्हणाली. "मग तू मला काय म्हणाली असतीस? स्वच्छ नाही म्हणून?"

हात खाली आला. मी जमिनीवरच बसले. कपाळाला हात लावून पाहिलं तर पोरीला ताप होता, आणि सोमवारपासून घसा दुखतोय हे तिने मला सांगितलं नव्हतं. मला, तिच्या आईला. चादरी धुणाऱ्या बाईच्या अंगाला रोग चिकटलेला असतो असं मानणाऱ्या लोकांवर मी दहा आठवडे दात ओठ खात होते. आणि माझ्याच घरात, माझ्याच हाताने, मी पोरीला शिकवत होते की निगेटिव्ह म्हणजे चांगली मुलगी. लाज वाटली मला. इतकी लाज मला फरशीवाल्यांनीही कधी वाटायला लावली नव्हती.

नवऱ्याने चहाचा कप खाली ठेवला. मग समजूतदारपणे बोलला, आणि तो समजूतदारपणे बोलला की मला जास्त राग येतो. तो म्हणाला, कागदावर निगेटिव्ह आहे. पोरीला सर्दी झालीय म्हणून चार दिवस घरी ठेवू. तू जा सभेला, फाईल आपट, पोरीची जागा राख. आज खरं सांगितलंस तर ते म्हणतील, बघा, आम्ही म्हणतच होतो. तिला वर्गातून उठवायला त्यांना हेच हवंय.

खरं सांगू? मी फाईल उचलली होती. दारापर्यंत गेलेही होते. त्याचं म्हणणं सोळा आणे बरोबर होतं, त्यात खोट काढायला जागा नव्हती. पण बुधवारी दिवसभर मिरी एकाच बाकावर बसली होती, अॅम्ब्युलन्सवाल्याच्या मुलीला चिकटून. त्या मुलीच्या घरी तिची आजी आहे, छातीच्या दुखण्याने अंथरुणाला खिळलेली. माझ्या कागदावर विसंबून ती माणसं निवांत बसली होती. मी दारातून परत आले आणि आधी तिच्या आईला फोन लावला. तिने ऐकून घेतलं आणि फोन ठेवून दिला. मग सिस्टरना फोन केला.

सिस्टरनी आम्हाला शाळेच्या मागच्या अंगाला बोलावलं, सायकलस्टँडपाशी. मिरीच्या नाकात या वेळी त्यांनी स्वतः काडी फिरवली. पंधरा मिनिटांत पट्टीवर दोन रेघा उमटल्या. त्यांनी कागद भरला, शिक्का मारला आणि हात लांब करून मला दिला. म्हणाल्या, घरी जा, सभेला यायचं नाही. मी म्हटलं, आत येणार नाही. मैदान मोकळं आहे, आणि हॉलच्या खिडक्या तुमच्याच नियमाने उघड्या असतात. त्या म्हणाल्या, मास्क नीट लावा, आणि बास्केटबॉलच्या खांबापुढे हॉलकडे यायचं नाही.

मिरीला नवऱ्याबरोबर घरी पाठवलं. जाताना तिने माझा हात धरला आणि एकच मागितलं, घारीचं नाव घ्यायचं नाही. घेतलं तर घारी तिच्याशी कधीच बोलणार नाही. मी कबूल केलं. कबूल करताना जिवावर आलं, कारण हातात आलेला दगड खाली टाकायचा म्हणजे काय ते भांडखोर माणसालाच कळतं.

चार वाजता मी खांबापाशी उभी राहिले. हॉलमध्ये साठ-सत्तर पालक होते. फरशीवाल्यांचा आवाज माइकमधून मैदानभर येत होता. मुलांचं बालपण हरवतंय, कोवळ्या मनांवर ओझं पडतंय, असं चाललं होतं. फरशी विकताना आणि भाषण करताना माणूस एकाच सुरात बोलतो, हे मला त्या दिवशी कळलं. मग ते जोखमीच्या घरांवर आले. आम्ही कुणाच्या विरोधात नाही, म्हणाले. तेव्हा सिस्टर उठल्या, माझ्या समोरची खिडकी त्यांनी पूर्ण उघडली आणि म्हणाल्या की एका पालकांना बाहेरूनच बोलायचं आहे.

सगळी तोंडं खिडकीकडे वळली. माझा आवाज लाँड्रीतला. मशीनच्या घरघरीवर ओरडून ओरडून तो तयार झालेला आहे, त्याला माइक लागत नाही.

"माझी मुलगी पॉझिटिव्ह आहे," मी म्हणाले. "आजच कळलं. म्हणून आत आले नाही."

आत खुर्च्या सरकल्याचे आवाज झाले. कुणीतरी म्हणालं, बघा. अगदी नवऱ्याने सांगितलं होतं तोच शब्द. फरशीवाले माइकमध्ये म्हणाले की बाईंनी स्वतःच आमचा मुद्दा सिद्ध केला, त्यांचे आभार.

मी म्हटलं, आभार नंतर माना, माझं संपलं नाही. मंगळवारच्या तिच्या नळीवर निगेटिव्ह शिक्का बसला, कारण तिने कोरडी काडी टाकली. तिचा दोष नाही, माझा आहे. मी तिला दहा आठवडे सगळ्यांसमोर मिरवलं. पॉझिटिव्ह येणं म्हणजे काहीतरी घाण करून येणं, असं मी तिच्या मनात भरवलं. तुम्ही माझ्या मनात भरवलंत, मी तिच्या. पोरीने ताप सोसला पण सांगितलं नाही. हे पडलं तिच्या कोवळ्या मनावर ओझं, काडीचं नाही.

मग मी ज्यासाठी आले होते ते बोलले.

"ही युक्ती तिने स्वतः शोधलेली नाही. नाव घेणार नाही. घरी ज्यांनी मुलांना हे शिकवलं, त्यांना माहीत आहे. माझ्या पोरीला तपासा, हवं तर रोज तपासा. पण तुमच्यांनाही खरं खरं तपासा, आणि मग सांगा कुठलं घर जोखमीचं ते."

फरशीवाल्यांनी माइक हातात धरलेला होता. मुख्याध्यापक पाणी पीत होते, पेला रिकामा झाला तरी. मला वाटलं संपलं. नाव न घेता भांडण जिंकता येत नाही, हे मला माहीत होतं. मी वळणार एवढ्यात मागच्या रांगेतून एक बाई उठली. फरशीवाल्यांची बायको. या बाईला मी कधी मोठ्याने बोलताना ऐकलं नव्हतं.

"आमच्या घरी शिकवलं होतं," ती म्हणाली. ती माझ्याकडे बघत नव्हती, नवऱ्याकडे बघत होती. "गेल्या महिन्यात आपली आई गेली. ती कशाने गेली ते आपण कुणाला सांगितलं नाही. आता पुरे."

ती खाली बसली नाही, तशीच उभी राहिली. मग तिच्या शेजारच्या माणसाने, आमच्याही घरी, म्हणत हात वर केला. मग खिडकीजवळच्या एका बाईने. मी मोजले नाहीत. फरशीवाल्यांनी समोरचा ठरावाचा कागद घडी करून खिशात घातला आणि ते खुर्चीत बसले. मला त्यांच्यावर हसायचं होतं, किती दिवस त्या क्षणाची वाट पाहिली होती. पण हसू आलं नाही. त्यांच्या आईच्या चादरी मीच धुतल्या असणार, लाल पिशवीतून आलेल्या.

शुक्रवारी सगळ्यांची पुन्हा चाचणी झाली. सिस्टर प्रत्येकाच्या नाकासमोर उभ्या राहिल्या. अकरा नळ्यांपैकी चार पॉझिटिव्ह आल्या. शाळा दहा दिवस बंद राहिली आणि अर्धी वस्ती मला शिव्या देत होती, हिच्यामुळे शाळा बंद पडली म्हणून. द्या म्हटलं. शिव्यांनी ताप येत नाही. सातव्या नळीतल्या जुळ्यांना लागण झाली होती, पण दोघं बरे झाले. अॅम्ब्युलन्सवाल्याची मुलगी आणि तिची आजी लागणीपासून वाचल्या. त्या मुलीची आई अजून माझ्याशी बोलत नाही. तो तिचा हक्क आहे.

शाळा उघडली तेव्हा नळ्या पुन्हा हजेरीच्या क्रमाने झाल्या. मिरीचा नंबर एकोणीस, घारीचा अठरा. जोखमीच्या घरांचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही. पहिल्या मंगळवारी मी फाटकातून बघत होते. मिरीने काडी इतकी वर घातली की तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. घारी हसली, मग तिनेही तशीच घातली.

संध्याकाळी नवरा ब्रश घेऊन भिंतीसमोर उभा होता. डिंकाचे दहा चट्टे तिथे पडले होते, आता एकदाची रंगवून टाकू म्हणत होता. मिरीने माझ्या फाईलमधून सायकलस्टँडपाशी मिळालेला तो कागद काढला, पॉझिटिव्हचा. तिने मला विचारलं, हा लावायचा का? मी विचारलं, तुला काय वाटतं. ती म्हणाली, हा एकच मी खरा खरा दिलेला आहे. तसं नव्हतं, आधीचे दहाही तिने खरेच दिले होते. पण मी वाद घातला नाही.

नवऱ्याने सगळी भिंत रंगवली आणि दारासमोरची कागदाएवढी जागा कोरडी सोडली.